हवापाण्यावर बोलायचं, वयावर नाही

१२ जानेवारी

वर काही मायना घातलेला नाही. दोन वर्षं फोन न उचलणाऱ्या पोरीला काय म्हणून हाक मारतात ते मला माहीत नाही.

तुझं पत्र मिळालं. पाकीट चांगलं जाडजूड लागलं हाताला, म्हणून हातातलं काम टाकून मी तशीच खुर्चीवर बसले. म्हटलं, पोरीला शेवटी आईची आठवण आली. उघडलं तर कागदच जाड, मजकूर अकरा ओळींचा. तुझ्या सासूबाई फुलझाडांच्या मंडळाबरोबर सहलीला इकडे येणार, अठरा मार्चला दुपारी तीन ते पाच आपल्याकडे चहाला येणार, आणि त्या दोन तासांत मी काय काय करायचं नाही त्याची यादी. वय विचारायचं नाही. अंगाने सुटलात की वाळलात ते बोलायचं नाही. नवऱ्याने का सोडलं हे तर मुळीच नाही. एकदा नको म्हणाल्या की पुन्हा वाढायचं नाही. बोलताना दंडाला धरून हलवायचं नाही. हवापाण्यावर बोलायचं. मी म्हणते, दोन तास? आमच्याकडे हवा आहे तरी केवढी?

आणि तळाला एक ओळ इंग्रजीत. ती मला लागेना, तुझ्या बाबांनाही लागेना. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे नेली. त्या वाचून जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, “सहकार्याबद्दल आभारी आहे, असं लिहिलंय.”

मी काय नगरपालिका आहे?

लग्नाच्या दिवशी काय झालं ते मला तोंडपाठ आहे, पुन्हा उगाळायची गरज नव्हती. मी तुझ्या सासूबाईंना एवढंच विचारलं की मुलगा असा काडीसारखा का, घरात चूल पेटते ना? माझं एवढं लांबलचक बोलणं तू त्यांना इंग्रजीत तीन शब्दांत सांगून मोकळी झालीस आणि त्या गोड हसल्या. तेव्हाच मी ओळखलं, हिने भलतंच काहीतरी सांगितलं. म्हणून मग मी गाल आत ओढून, हातवारे करून स्वतः विचारलं. त्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “आई, तुला चार माणसांत न्यायची सोय नाही.” ते मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. वार तेवढा लक्षात आहे. मंगळवार होता.

हे सगळं नीट पार पडलं तर मला तिकडे बोलवायचं बघू, असं तू लिहिलंयस. नाही पार पडलं तर काय, ते लिहिलं नाहीस. मी चौथीपर्यंतच शिकले, पण न लिहिलेलं वाचायला शाळा लागत नाही.

तर मी इंग्रजी बोलायचा क्लास लावलाय. सोमवार आणि गुरुवार, कामावरून सुटल्यावर. बाबा म्हणाले, “या वयात?” मी म्हटलं, “वय विचारायचं नाही, यादीत आहे.”

आई


२ फेब्रुवारी

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. क्लास सायकलच्या दुकानावर आहे. बाकं लहान मुलांची. बसताना गुडघा आत जातो तो निघता निघत नाही. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान आणि शेजारी बसतो तो नळदुरुस्तीवाला. त्याला हे शिकायचंय कारण त्याची मोठमोठ्या घरांतली गिऱ्हाइकं इंग्रजीत बोलतात आणि हा आपला पान्ह्याने खुणा करतो.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, “‘हाऊ आर यू’ हा प्रश्न नाही.”

मी म्हटलं, “मग विचारतात कशाला?”

“ती रीत आहे. उत्तर एकच. फाइन, थँक यू. आणि पुढे चालू पडायचं.”

नळवाला म्हणाला, “आणि फाइन नसलो तर?”

“तरी फाइनच.”

“ताप असला तर?”

“तरीही.”

नळवाल्याने पेन खाली ठेवलं. मीही ठेवलं. ज्याला उत्तर ऐकायचं नाही त्याने तोंड उघडावंच कशाला? पण बाईंना म्हटलं नाही काही. बघ, सुधारले.

घात तिसऱ्या दिवशी झाला. आमच्या हॉटेलातली सामानाची लिफ्ट बंद होती, म्हणून इस्त्रीच्या चादरींची गाडी घेऊन मी पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये शिरले. आत एक टाय लावलेला गोरटेला गृहस्थ. मला म्हणतो, “हाऊ आर यू?” आता एवढ्या मायेने तळघरातल्या बाईला कोण विचारतं? माझं क्लासातलं सगळं पुसलं गेलं. मी त्याला उजवा गुडघा दाखवला. मग डावा. मग वाफेच्या यंत्रापाशी आठ तास उभं राहून पाठीत कुठे कळ येते ते त्याच्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं. तो पाचव्या मजल्याचा माणूस दुसऱ्यावरच उतरला. मला वाटलं, ऐकतोय बिचारा, म्हणून गाडी घेऊन मीही उतरले. तो जिन्याकडे वळला, तर मी म्हटलं, “थांबा, खांदा राहिला.”

साहेबांनी बोलावून घेतलं. तक्रार नव्हती म्हणे. त्या माणसाने वर निरोप ठेवला होता की तुमच्या धुलाईतल्या बाईंना डॉक्टरकडे न्या. म्हणजे शेवटी ऐकलंच होतं ना त्याने? क्लासातल्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

हे तुझ्या सासूबाईंना कळवू नकोस.

आई


२६ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा येत असेल.

या आठवड्यात तक्रार कशी करायची ते शिकवलं. आधी एक गोड बोलायचं, मग तक्रार, मग परत एक गोड. मी लगेच साहेबांवर करून बघितलं. म्हटलं, “साहेब, आजचा शर्ट छान आहे. तीन नंबरची इस्त्री महिनाभर चटके देतेय आणि तुम्ही ढिम्म बसून आहात. तुमच्या भुवया पण छान आहेत.” दुसऱ्या दिवशी इस्त्री दुरुस्त होऊन आली. तेव्हापासून साहेब माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतात, पण काम झालं.

नळवाल्याचं मात्र हसं झालं. एका घरी त्याने मोरीचा नळ बसवला, तर तिथली बाई म्हणाली, “एकदा आमच्याकडे यायलाच हवं तुम्ही, सगळे मिळून.” हा रविवारी सकाळी बायको आणि दोन्ही मुलींना नवे कपडे घालून दारात हजर. ते लोक पायजम्यात. अर्धा तास सगळे एकमेकांकडे बघून हसत बसले. शेवटी घरमालकाला काही सुचेना, म्हणून त्याने विचारलं, नळ परत बघता का? याने नव्या कपड्यांत मोरीत वाकून बघितला. क्लासातल्या बाई म्हणाल्या, असं बोलावणं खरं नसतं, तारीख आणि वेळ सांगितली तरच खरं. नळवाला चिडला. “मग बोलवतात कशाला?” मी त्याच्या बाजूने होते, पण माझ्या मनात आलं, ‘बोलवायचं बघू’ यातसुद्धा तारीख नाही.

घरी सराव म्हणून जेवताना बाबांना म्हटलं, “अहो, प्लीज जरा मीठ देता का? थँक यू हं.” त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, “काय म्हणाले डॉक्टर?”

“कोणाचे डॉक्टर?”

“माझे. मागच्या वेळी तुला बाजूला घेऊन बोलत होते. खरं सांग, किती दिवस आहेत?”

“अहो, मी नुसते आभार मानले.”

“तेच म्हणतो मी. एकतीस वर्षांत कधी मानलेस का?”

ते जेवले नाहीत. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन रक्तदाब मोजून आले. नेहमीसारखाच निघाला. तरी दोन दिवस घरी आणलेली ग्राहकांची घड्याळं दुरुस्त करताना सारखे माझ्याकडे बघत होते.

आई


१७ मार्च

उद्या येणार त्या. पडदे धुतले, इस्त्री केले, परत लावले. कपबशा नर्सबाईंच्या आणल्या, आपल्या दोन कपांचे कान तुटलेत. बाबांना दाढी करायला लावली, ते म्हणाले उद्या करतो, मी म्हटलं उद्याची उद्या परत करा. केक आणलाय. हवापाण्याची सात वाक्यं पाठ केलीत. ऊन पडलं तर चार, ढग आले तर तीन. पाऊस आला तर मी अडचणीत.

क्लासात बाईंनी माझी परीक्षा घेतली, त्या सासूबाई झाल्या आणि मी मी झाले. शाबासकी दिली मला. नळवाल्याने टाळ्या वाजवल्या.

झोप येत नाही वगैरे काही नाही. लिहायला बसले ते सहजच.

आई


२० मार्च

आता सगळं सांगते, मधे बोलू नकोस.

अडीचपासून मी दारामागे उभी. घंटा वाजल्याशिवाय उघडायचं नाही, असं शिकवलंय. तीनच्या ठोक्याला घंटा वाजली. मी दार उघडलं, हात पुढे केला, आणि तोंडातून वाक्य काढणार एवढ्यात तुझ्या सासूबाईंनी माझा दंड धरून मला गदागदा हलवलं.

बाबा मागे सरकले.

मग त्यांनी पर्समधून एक कागद काढला आणि आपल्या भाषेत, शब्द शब्द सुटा करत, वाचून दाखवलं, “तुम्ही. जेवलात. का? तुमचं. वय. किती?”

मी म्हटलं, “इट इज अ लव्हली डे.” बाहेर ढग होते, पण मला चुकून उन्हाचं वाक्य आलं.

त्या म्हणाल्या, “घर. स्वतःचं. का?”

मी म्हटलं, “नॉट टू हॉट.”

“तुम्ही. बारीक. झालात.”

“नॉट टू कोल्ड.”

जावईबापूंनी लिहून दिलं होतं त्यांना सगळं. आपल्या लोकांत माया कशी दाखवतात ते! महिनाभर पाठ करत होत्या बिचाऱ्या. लग्नात माझ्या प्रश्नांना उत्तर न देता नुसतं हसल्या याची त्यांना लाज वाटत होती म्हणे. तू हे नवऱ्याला सांगून ठेवलंस आणि मला मात्र यादी पाठवलीस. तुम्ही नवराबायको एकमेकांशी बोलता का घरात?

पुढे ऐक. केकचा एक तुकडा दिला, खाल्ला. दुसरा पुढे केला तर म्हणाल्या, नको. मी शहाण्यासारखी बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्या बशीकडे बघत राहिल्या, अगदी ती दाराआड जाईपर्यंत. बाबा हळूच म्हणाले, “अगं, भूक लागलेली दिसते.” मी म्हटलं, “नको म्हणजे नको, यादीत आहे.” मागाहून कळलं, जावईबापूंनी बजावलं होतं, तिथे नको म्हणायचं असतं आणि मग पोट फुटेपर्यंत वाढतात, तेव्हा दुपारी जेवून जाऊ नका. माझ्या घरात बाई उपाशी आणि मी शिस्तीत.

चारला दहा कमी होते तेव्हा माझी सातही वाक्यं संपली. त्यांचा कागदही संपला. बाबांनी भिंतीवरचं घड्याळ उगाच काढून किल्ली दिली.

मग त्या इंग्रजीत बोलायला लागल्या. सावकाश, मला कळेल असं. सगळं नाही कळलं, पण जे कळायला हवं ते कळलं. म्हणाल्या, “तुमच्या मुलीला मी आवडत नाही.”

मी म्हटलं, “कोण म्हणतं?”

“कोणी म्हणत नाही. पण दोन वर्षांत ती मला एकदाही थँक यू म्हणाली नाही. प्लीज नाही. सॉरी नाही. रोज सकाळी मी तिच्यासाठी चहा करते. कप घेते आणि म्हणते, कालच्यापेक्षा बरा आहे. माझं कपाट न विचारता उघडते. माझा कोट घालून कामावर जाते. मी केस कापून आले तर म्हणाली, वाढतील. मी ठरवलंय, माझ्या बहिणीकडे राहायला जायचं, दुसऱ्या गावी. मुलांना अजून सांगितलं नाही. तुम्ही आई आहात, म्हणून तुम्हाला आधी विचारते. गेलेलं बरं ना?”

तुला ठाऊक होतं हे? नव्हतंच. त्यांनी कपाटातले कपडे बांधायला घेतले होते गं, आणि तू त्यातलाच कोट घालून फिरत होतीस.

मला हसूच फुटलं. आधी हसले, मग घाबरले, कारण सांगायचं कसं? क्लासात मला जे जे शिकवलं होतं ते सगळं बिनकामाचं. फाइन, लव्हली, नॉट टू कोल्ड. मग गेली यादी खड्ड्यात, मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, “नो थँक यू, गुड. व्हेरी गुड. नो थँक यू, मीन्स, माय पीपल.” त्यांना पटेना. मग मी बाबांना पुढे ओढलं. म्हटलं, “माय हजबंड. थर्टी वन इयर्स. आय से थँक यू? नेव्हर.”

बाबा छाती काढून म्हणाले, “नेव्हर.” जन्मातला पहिला इंग्रजी शब्द बोलले आणि तोही असा.

त्या थोड्या हसल्या. पण शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई, अशी सोडते होय? म्हणाल्या, “मग ती म्हणते तरी कोणाला थँक यू?”

आता मी खरं सांगते. उत्तर माझ्या तोंडात नव्हतं, टेबलाच्या खणात होतं. मी जाऊन तुझं पत्र आणलं आणि तळाच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. वरचं आपल्या भाषेतलं त्यांना कळायचं नाही, पण ती ओळ त्यांची होती. त्यांनी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग परत वाचली. मला त्या वेळी डोळ्यांत काही गेलं होतं, पडदे धुतले तरी धूळ असतेच.

त्यांनी सॉरी वगैरे म्हटलं नाही. पर्समधून लाल पेन काढलं, आणि वहीतलं चुकलेलं गणित खोडतात तशी ती ओळ खोडली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “केक आणा.”

आणला. भात टाकला, भाजी केली, नको म्हणाल्या तरी वाढलं, परत नको म्हणाल्या, परत वाढलं. आणि मग मी विचारलं त्यांना नवऱ्याने का सोडलं ते. हो, विचारलं. खाली फुलझाडांच्या मंडळाची बस भोंगे वाजवत होती, पण यांचं संपेना. अगं, त्याने नाही सोडलं, त्यांनीच त्याला काढला! वीस वर्षांत कोणी धड विचारलंच नव्हतं म्हणे. सात वाजता बाबा त्यांना त्यांच्या हॉटेलवर सोडून आले.

तुझ्या लहानपणीचंही सगळं सांगितलं. दातांच्या डॉक्टरला चावली होतीस ते पण.

आता तू मला बोलावणार नाहीस, हे मला कळतं. यादीतलं एक कलम शिल्लक ठेवलं नाही मी. पण त्या बाईला सरळ सांगितलं नसतं तर त्या गेल्या असत्या, आणि तुला कधी कळलंही नसतं का ते. तेव्हा तुला काय करायचं ते कर.

आई


१४ एप्रिल

कार्टे,

सहा पानं! दोन्ही बाजूंनी! पाकिटाला तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमनने मला खाली बोलावून घेतलं, आणि मी जिन्यातच वाचायला बसले. नर्सबाई येता जाता विचारत होत्या, काय झालं, वाईट बातमी का? मी म्हटलं, “लेकीने झापलंय.” त्या म्हणाल्या, “मग हसता काय?”

आता एकेकाचं उत्तर घे. “माझं खासगी पत्र परक्या बाईला का दाखवलंस?” असं विचारतेस. परकी कोण? तुझी सासू. आणि खासगी होतं तर नंबर घालून कशाला लिहिलंस? दातांच्या डॉक्टरचं सांगायला नको होतं, हे कबूल. पण तू चावली होतीस, मी नाही. सासूबाई येऊन तुझ्यावर ओरडल्या असं लिहिलंयस. मी काही शिकवलं नाही त्यांना. एवढंच सांगितलं की आमच्यात पोटात ठेवत नाहीत, बोलून टाकतात. त्यांनी बोलून टाकलं. आता चहाला नाव ठेवलंस की म्हणतात, “मग उद्या तू कर.” म्हणजे बरंच झालं, बाई कायमच्या राहिल्या. तू दोन दिवस रडलीस असं जावईबापूंनी खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ते तुला दिसू नये म्हणून असेल. तुझ्या पत्रात त्याचा पत्ता नाही. लपवतेस कोणापासून?

चौथ्या पानावर तू लिहिलंयस की माझ्यासारखी अडाणी, हट्टी, तोंडाळ बाई जगात नसेल, आणि पाचव्यावर सासूबाई म्हणतात की तू हुबेहूब आईवर गेलीस. ही दोन पानं बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “दुसरं खरं आहे.” मी म्हटलं, “पहिलं?” तर दुकान उघडायला गेले.

सहाव्या पानावर लिहिलंयस, नऊ जूनला सकाळी अकराला विमानतळावर उतरायचं, गुडघ्याचे पट्टे आणायचे, बाबांनी लोकरीचा स्वेटर आणायचा, आणि उगाच डबे बांधून आणायचे नाहीत. मला चालेल का, जमेल का, सोयीचं आहे का, एका शब्दाने विचारलेलं नाहीस. तारीख, वेळ, हुकूम. ते पान मी दोनदा वाचलं.

रजा मिळाली. साहेब भिंतीकडे बघत हो म्हणाले.

अकरा म्हणजे अकराला ये. तुला कायम उशीर करायची खोड आहे. तिथे बाकावर मला बसवून ठेवलंस तर मी शेजारच्या माणसाशी बोलायला लागेन, आणि आता मला इंग्रजी येतं.

आई